शिनोच्या तळव्याची होडी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज खरखरीत आहे, पण गोष्ट खरी सांगेन.

मी होडीचे अंग घासून गुळगुळीत करणारी एक जुनी घासफळी आहे. दोन हात लांब, वाकवली तर वाकेल इतकी पातळ, दोन्ही टोकांना मुठी आणि पोटाला चिकटवलेला पॉलिशपेपर. जपानच्या आतल्या समुद्रातल्या एका बेटावर गिसाकु नावाचा सुतार होता. त्याने आपल्या शेवटच्या लाकडी होडीतून उरलेल्या देवदाराच्या पट्टीतून मला घडवले आणि सासरी निघालेल्या लेकीच्या हातात दिले. "डोळ्यांवर जाऊ नकोस पोरी, तळव्याला विचार," एवढेच तो शिनोला म्हणाला. पुढच्याच वर्षी तो गेला.

शिनोचे सासर समोरच्या बेटावर. नवरा तोराकिची मासेमार. फायबरच्या होड्या तेव्हा नव्यानेच येत होत्या. आपली होडी घरीच बांधायची असे त्याने ठरवले. संत्र्यांच्या शेडमध्ये प्लायवूडची होडी पालथी घातली आणि वर काचेच्या धाग्यांचे कापड व राळ चढवायला तो घाईने निघाला.

"अहो, थांबा! या धारदार कडेवरून कापड वळणार नाही. खाली हवा राहील, मग पापुद्रा सुटेल."

"तू कधीपासून होडीवाली झालीस गं?"

"होडीवाल्याची लेक आहे. सरका बाजूला."

आणि तिने मला उचलले. बुडाच्या कडा अंगठ्याइतक्या गोल केल्या. कापड चढल्यावर मागच्या टोकाची कड मात्र तिने राळ लावून पुन्हा धारदार केली, कारण तिथे पाणी होडीला चिकटून न राहता सुटायला हवे. मग पुट्टी भरायची, वाळली की मला तिरपे चालवायचे, सुती हातमोजा घालून, डोळे मिटून तळवा फिरवायचा. खोलगट लागले की पेन्सिलीने गोल करायचा. पुन्हा पुट्टी, पुन्हा मी. सगळा हिवाळा असा गेला. देवळात भिक्षू गाऊन प्रवचन सांगत, त्यातल्या ओळी ती गुणगुणायची आणि माझे फेरे त्याच चालीवर पडायचे. मित्रांनो, मी देवळाची पायरी कधी चढले नाही. अमिदा बुद्धाचे नाव मी त्या काचेच्या धुळीतच ऐकले. त्याच धुळीत तिचा खोकलाही पहिल्यांदा ऐकला.

तिने मागितले ते एकच. "पहिल्या फेरीला मला बसवा. बाबांच्या कबरीवर जाऊ. ही कड त्यांना दाखवायचीय मला."

"बसवीन की! पुढच्या टोकाला बसवतो, राणीसारखी."

होडी पाण्यात घालायच्या आदल्या दिवशी होडीच्या पोटात देवीची स्थापना झाली. बारा नाणी, दोन फासे, कागदी बाहुला-बाहुली, आणि बाईचे केस. होडीची देवी बाई असते, म्हणून केस बाईचेच लागतात. तोराकिचीने शिनोची बट कापली, खोबणीत ठेवली आणि वरून राळेने बंद केली.

दुसऱ्या दिवशी सारे बेट शेडसमोरच्या किनाऱ्यावर जमले. होडीवर साके, तांदळाची दारू, ओतली गेली. शिनो चांगला किमोनो नेसून, उदबत्तीचा पुडा हातात घेऊन आली. तिने पाऊल उचलले, तोच सगळ्यांत वडीलधारे याहेईकाका गरजले, "अरे तोरा, पहिल्या फेरीला बाई? देवी जळते दुसऱ्या बाईवर! जाळी रिकामी आली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस हां!"

लोक हसले. शिनोने नवऱ्याकडे पाहिले. तो दोरखंड सोडवत खाली मान घालून म्हणाला, "तू घरी जा. लाल भात पुरतोय का ते बघ."

केस चालले, बाई चालली नाही.

होडी फिरून आली. लोक कडेवरून हात फिरवत म्हणाले, "काय हात आहे रे तुझा, तोराकिची!" तो म्हणाला, "जमलं कसंबसं." शिनो मागे उभी राहून शुभप्रसंगाचा तो लाल भात वाढत होती. त्या संध्याकाळी तिने मला खिळ्याला टांगले आणि पुन्हा कधी काढले नाही.

"पुढच्या वेळी नेतो," असे तो दरवर्षी म्हणायचा. नवव्या हिवाळ्यात खोकल्याने तिला नेले. होडीत ती एकदाही बसली नाही.

मग एकदा खडकावर आपटून होडीची कड फुटली. तोराकिचीने मला खिळ्यावरून काढले. पण तो डोळ्यांनी घासत होता. एकाच जागी जोर लावायचा, खोलगट पडायचे, मग रागाने आणखी जोर. याहेईकाका आता काठी टेकत आले, कडेवरून हात फिरवला आणि थबकले. "हे पूर्वीसारखं नाही रे. तुझा हात गेला वाटतं?"

मी त्याच्या मुठीतच होते. मित्रांनो, त्याने एक नाव घ्यायला हवे होते, फक्त एक. मी वाट पाहिली.

"वय झालं, काका," तो म्हणाला.

आता मी शेडच्या दाराला अडसर म्हणून आहे. मला तेल लावा, जपून ठेवा असे माझे मागणे नाही. कधी एखाद्या होडीच्या गुळगुळीत कडेवरून तुमचा हात फिरेल, तेव्हा हा कोणाचा तळवा, असे मोठ्याने विचारा. आणि माझ्या शिनोची आठवण काढा.