चंद्रकळेवरची बस

गुरुसिद्दव्वानं होणाऱ्या सुनेच्या चंद्रकळेचा पदर मांडीवर घेतला आणि आधी उलटा केला. धारवाडकडे नवरीला काळी चंद्रकळा लागते, आणि तिच्यावरची कसुती, म्हणजे धागे मोजून केलेलं भरतकाम, बायका अशीच बघतात. सुलट बाजू कुणीही नीट काढेल, बाई कळते ती उलट बाजूवर.

गाठ एकही नव्हती. दोन्ही बाजू सारख्याच. गुरुसिद्दव्वाचा चेहरा जरा सैल झाला. गोपूर झालं, तुळशीवृंदावन झालं, रथ झाला. रथापुढे, हत्तीच्या जागी, बोट थांबलं.

"हे काय गं?"

"बस," शिवलीला म्हणाली.

"लग्नाच्या चंद्रकळेवर बस?"

"मी कंडक्टर आहे, अत्ते. हत्तीवर कधी बसले नाही. बसमध्ये रोज असते."

शिवलीलाची आई, नीलव्वा, शेंगांच्या पोळ्यांचं ताट घेऊन दारातच थिजली. मुलगा पसंत, मुलगी पसंत, आज फक्त सुपारी फोडायची होती. गुरुसिद्दव्वाचा मुलगा, नवरदेव महांतेश, कोपऱ्यात स्वतःच्या नखांचा अभ्यास करत होता.

"बस उसव," गुरुसिद्दव्वा म्हणाली. "तिथं पाळणा भर. आणि नोकरीचा राजीनामा दे. मग फोडू सुपारी."

"लीला, चार बोटांची तर बस आहे," नीलव्वा कुजबुजली. "उसव की गं!"

ड्यूटी संपवून आल्यावर दोन वर्षं शिवलीलानं या काळ्या कापडाचे धागे मोजले होते. छापा नाही, खूण नाही, नुसती डोळ्यांची मोजणी. एक टाका सोडत पुढे जायचं आणि सोडलेल्या जागा भरत त्याच वाटेनं परत यायचं. तिनं सुई उचलून गुरुसिद्दव्वापुढे धरली.

"तुम्हीच उसवा. तुमच्या हाताचं तालुक्यात नाव आहे."

गुरुसिद्दव्वानं चष्मा चढवला. दोऱ्याचं तोंड शोधायला लागली. पदर उलटा झाला, सुलटा झाला, उजेडाला धरून झाला. रथाच्या दोरखंडातून निघालेला दोरा बसच्या खिडक्यांवरून जाऊन चाकांखालून परत रथात शिरत होता. सुरुवात कुठे, शेवट कुठे, पत्ता नाही.

"एकाच दोऱ्यात काढलंस?"

"हो. बस उसवली तर रथही सुटेल."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. कात्री देऊ?"

"शिव शिव! नवरीच्या चंद्रकळेला कात्री?" नीलव्वा ओरडली. गुरुसिद्दव्वानं सुई खाली ठेवली. मग पुन्हा वाकून बघितलं.

"बसच्या दारात हे कोण उभं आहे?"

"मी."

"एवढीशी?"

"नऊ टाक्यांत तेवढीच बसते."

महांतेशला हसू फुटलं. आईनं बघताच तो पुन्हा नखांकडे वळला.

"पाळण्याचं काय?"

"जागा आहे. मला वाटलं तर मी भरेन. कुणी सांगितलं म्हणून भरणार नाही."

"आणि राजीनामा?"

"देणार नाही. सकाळी साडेसहाची नवलगुंदची बस माझीच आहे. लग्नानंतरही माझीच राहणार. नको असेल तर आत्ताच सांगा, पोळ्या खाऊन जा."

गुरुसिद्दव्वानं पदराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"नीलव्वा, सुपारी आण," ती शेवटी म्हणाली. "कर बाई नोकरी. पण माझ्या घरात आवाज चढवायचा नाही."

"चढणार, अत्ते," शिवलीला म्हणाली. "मागच्या सीटपर्यंत पोचवायची सवय आहे."