गळक्या शेषेरावाचं माळवद

यादीतली ही एकोणिसावी इमारत. नांदेडपासून सुरुवात केली तेव्हा अंगात हौस होती, आता नुसती गुडघेदुखी उरली आहे. कुठल्याशा समितीला नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या वास्तूंचे फोटो हवेत आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळींत 'वास्तूमागची कथा' हवी. कथा नाही तर यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही तर आज ना उद्या तिथं कॉम्प्लेक्स. माझा लातूरला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोशिवाय तिकडे आता कोणी फिरकत नाही, म्हणून हे काम घेतलं.

कथांचं म्हणाल तर पळसाला पानं तीनच. नांदेडात भुयार, कंधारात भुयार, देगलूरच्या पडक्या गढीखालीही भुयारच. ते थेट किल्ल्यात निघतं, त्यातून घोडेस्वार जायचा, आणि त्याचं तोंड सांगणाऱ्याच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं बुजवलेलं असतं. एवढी भुयारं खरी असती तर मराठवाडा कधीच खाली बसला असता. मी मान हलवतो, वहीत काहीच लिहीत नाही आणि पाणी मागतो.

निलंग्यातल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या धर्मशाळेत पोचलो तेव्हा मे महिन्यातले अकरा वाजून गेले होते. फोटोचा उजेड संपला होता. त्यात अंगणाच्या मधोमध दोन ट्रॉल्या पांढऱ्या मातीचा ढीग, नेमका कमानीच्या समोर. मी चिडलोच. हा ढीग हलवा, म्हणालो.

राखणदार रामलिंग साठीचा, वाळकुडा माणूस. ढीग माळवदावरच जायचा आहे, चार दिवसांत चढवतो, म्हणाला. सागवानी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर माती. पावसाळ्याआधी दर वर्षी वर नवा थर द्यायचा म्हणजे छत गळत नाही, असं तो मला समजावू लागला. हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. पण तो अभिमानानं सांगत होता. तीस वर्षांत आत एक थेंब पडू दिला नव्हता त्यानं.

मग वास्तूमागची कथा. ती त्याच्याकडे तयारच होती. त्र्याण्णवच्या भूकंपात आजूबाजूच्या भिंती बसल्या, पण धर्मशाळेचा दगड हलला नाही. गणपती विसर्जनाहून परतलेले एकतीस जण आत झोपले होते, सगळे चालत बाहेर आले. माहूरच्या रेणुकामातेनं वाचवलं. निदान भुयार तरी नाही, म्हणून मी वही उघडली आणि सहज विचारलं, तेव्हा राखणदार कोण होतं?

त्याचा चेहरा उतरला. "माझा बाप. त्येचं नाव घालू नका, अप्पा."

मग तुटक तुटक सांगत गेला. बाप शेषेराव लई आळशी. पारावर पत्ते कुटायचा. आठ-नऊ वर्षं त्यानं माळवदावर मातीचं घमेलं चढवलं नाही. वर गवत वाढलं, होती ती मातीही पावसानं वाहून गेली, मुक्कामी माणसांच्या अंथरुणात पाणी पडू लागलं. पंचांनी दसऱ्यापासून त्याला काढायचं ठरवलं. दसऱ्याआधीच भूकंप झाला, पण त्याची चूक काही माफ झाली नाही. गावानं नाव ठेवलं गळका शेषेराव, आणि मेला तेव्हा तिरडीमागेही लोक त्याच नावानं बोलत होते. रामलिंगानं जागा हातात घेतली ती एक थेंब पडू द्यायचा नाही अशी शपथ घेऊनच.

मी आतले फोटो काढायला गेलो. आत गारवा होता, मिट्ट अंधार होता, फक्त छतातल्या झरोक्यातून उजेडाचा चौकोन खाली पडला होता. झरोका म्हणजे माळवदाला आरपार पाडलेलं भोक. त्याच्या कडांना माळवद कापल्यासारखं दिसतं. मी खाली उताणा झालो, फोटो काढला आणि कॅमेऱ्यावर मोठा करून पाहिला.

फळ्यांच्या वर जेमतेम वीतभर जुनी माती. तिच्यावर एक काळी रेघ, कुजलेल्या गवताची. आणि त्या रेघेवर पांढरे थर, एकावर एक, तीसेक तरी, मिळून दोन हात उंच.

मला उठवेना. आमचं गाव किल्लारीच्या शेजारी. मी लातूरला स्टुडिओत उमेदवारी करायचो आणि दर मे महिन्यात घरी जाऊन माळवदावर माती घालायचो. आई दानम्मा गावभर सांगायची, माझा अमरनाथ घर गळू देत नाही. त्र्याण्णवच्या मेमध्ये मी एकट्यानं दोन गाड्या माती चढवली होती. भूकंपाच्या सकाळी गावात पोचलो तेव्हा गळ्यात कॅमेरा होता. एकही फोटो काढला नाही. दुपारपर्यंत हातांनी माती उपसत होतो.

रामलिंग दारात उभा राहून बघत होता. मी त्याला जवळ बोलावलं, फोटो दाखवला आणि काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ह्या रेघेखालचं छत तुमच्या वडिलांचं. हलकं होतं, म्हणून राहिलं. माझ्या आईच्या अंगावर तीन हात माती आली, रामलिंगराव. ती मी घातली होती. मी आळशी नव्हतो."

एकतीस वर्षांत हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बोललो आणि रडू आलं, परक्या माणसासमोर, भर दुपारी.

त्यानं कॅमेरा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग वर झरोक्याकडे पाहिलं.

"मंग मी तीस वर्षं काय करून राहिलो, अप्पा?"

त्यानं जे केलं तेच मी केलं होतं, तेच आमच्याकडच्या प्रत्येक चांगल्या मुलानं केलं होतं. आता हा भार उतरवा, एवढंच म्हणालो. त्यानं मला पाणी आणून दिलं, शिडी लावली आणि फावडं घेऊन वर गेला. खालचा ढीग जिथल्या तिथे राहिला. थोड्या वेळानं वरून पहिलं घमेलं अंगणात रिकामं झालं आणि माझ्या सगळ्या सामानावर पांढरी धूळ बसली. या वेळी मी चिडलो नाही.

कमानीच्या सावलीत बसून मी देवीच्या ओळी खोडल्या आणि नवीन लिहिल्या. शेषेराव यांनी माळवदावर नऊ वर्षं माती घातली नाही, त्यामुळे एकतीस माणसं वाचली. खालून मोठ्यानं वाचून दाखवलं.

वरचं फावडं थांबलं. रामलिंग कठड्याशी आला. घामावर धूळ बसून चेहरा पांढरा झाला होता.

"गळका शेषेराव लिवा," तो म्हणाला. "नुस्तं शेषेराव लिवलं तर गावात कुणाला कळायचं न्हाई."