सारजाबाईच्या गोफणीचा पल्ला

१९५७ सालची संक्रांत. चाकणच्या रस्त्याकडेच्या रानात ज्वारी चिकात आली होती. सकाळीच पोलीस पाटील दौलतराव पाखरं राखायच्या माळ्याखाली येऊन उभे राहिले. मागे रस्त्यावर त्यांची कांद्याची लॉरी, एक दिवा फुटलेली.

"सारजाबाई, गोफण ठेवा खाली. तुमच्या धोंड्यानं माझ्या लॉरीचा दिवा फुटला. ह्या रानात आता गोफण बंद."

गोफण बंद झाली की पाखरं कणसं मोकळी करणार, हे सुमनला सांगायला नको होतं. सारजाबाई तिची आत्या, आणि आत्याचं वर्षाचं पोट या रानावर होतं. पुण्याला इंटर सायन्स शिकणारी सुमन सुटीला आत्याकडे आली होती. ती पुढे झाली.

"पाटील, आत्या धोंडा सपाट मारते. तिच्या हातापासून जमीन सोळा फूट. नुसता सोडला तरी धोंडा एका सेकंदात खाली, आडवा भिरकावला तरी एका सेकंदातच. वेग सेकंदाला शंभर फूट धरा. म्हणजे शंभर फुटांवर तो ज्वारीत पडला. रस्ता अडीचशे फुटांवर आहे."

पाटील विचारात पडले. तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय म्हनलीस? माजा धोंडा रस्त्यापतूर जात न्हाई?" सारजाबाई माळ्यावरून वाकली होती. "थवा उठला की मी वर मारते. रस्ता वलांडून पल्याड पडतो! पाटील, दिवा म्याच फोडला!"

"घ्या! म्हातारी कबूलच झाली," पाटलांसोबत आलेला लॉरीचा ड्रायव्हर गेनू हसला.

सुमन डगमगली नाही. गणित चुकलं नव्हतं, अर्धंच सोडवून झालं होतं.

"जातो आत्या, त्याच वेगानं तिरपा वर मारलास तर तुझा धोंडा तीनशे फूट जातो. पण रस्त्यावर पोचताना तो वरून खालीच येणार ना?"

"मंग काय खालनं वर जाईल?"

"चला तर लॉरीपाशी."

दिव्याच्या काचेला भोक तळाशी होतं आणि आतल्या चकचकीत वाटीला पोचा वरच्या कडेला. सुमनने ज्वारीचं एक चिपाड भोकातून पोच्यापर्यंत घातलं. त्याचं बाहेरचं टोक रानाकडे वळलं नाही. ते समोरच्या रस्त्याकडे, खाली झुकून राहिलं.

"हा दगड चढत आला, पाटील, आणि समोरून आला. गेनूभाऊ, ह्या खडीवरनं पुढच्या गाडीला किती चिकटून चालला होता?"

गेनूने मान खाजवली. "धुरळ्यात दिसंना, ताई. जरा जवळच व्हतो."

"चाकानं उडवलेली खडी, अन् मला म्हातारीशी भांडायला लावतोस व्हय रं?" पाटलांनी त्याला खडसावलं आणि माळ्याकडे बघून हाक दिली, "सारजाबाई, चालू द्या गोफण! फक्त रस्त्याच्या अंगाला वर मारू नका."

"न्हाई मारत. पन पल्ला किती, ते पोरीला नीट सांगू द्या."

"तीनशे फूट, आत्या."

"आनि वर थोडं."

सुमनने मनाशी हिशेब पुन्हा केला. धोंडा सोळा फूट उंचावरून सुटत होता. तीनशे फुटांच्या हिशेबात ते तिने धरलंच नव्हतं.

"आणि वर थोडं," ती म्हणाली.