ऐंशी अक्षरांचा दिगंबर

ऑपरेटिंग सिस्टीम कोसळली तेव्हा समोर बसलेल्या दिगंबरचा क्रॅश लॉग झाला, म्हणजे बिघाडाची आकड्यांतली नोंद. खुर्चीत आकड्यांचा ढीग उरला, त्यावर त्याचा चष्मा. गद्रे साहेबांनी नव्यानं लागलेल्या मुक्ताला नियम सांगितला. लॉग माणसाला वाचता आला आणि यंत्रालाही, तर दिगंबर उठेल. एकालाच आला, तर नाही.

मुक्ताला कामाची गोडी लागली. आकडा उचलायचा, त्यामागचं नाव शोधायचं. दिगंबरची बायको शालन शेजारी बसून असायची, आणि ओळ लागली की तीच आधी ओळखायची. हा ह्यांचा उजवा खांदा, थंडीत धरतो. हे उगाच हसणं, माझे भाऊ आले की.

"आणि हे घोरणं," शालन म्हणाली. "हे गाळलंस तरी चालेल, पोरी."

माणसाच्या बाजूचं जमलं. यंत्र मात्र अडून बसलं. त्याला प्रत्येक ओळ नेमकी ऐंशी अक्षरांची हवी होती. लांब ओळ ते अर्ध्यात टाकून देई, आखूड ओळीपाशी खोळंबून राही. मुक्ता ओळी छाटू लागली. कमी पडलं तिथे तिनं शून्यं भरली. खांद्याची ओळ तेवढी राहू दे, असं शालननं सुचवून पाहिलं.

"एका ओळीपायी अख्खे काका अडकतील, काकू."

खांदा ऐंशीत बसला.

यंत्रानं लॉग वाचला. दिगंबर उठला, त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याची दहाही बोटं एका मापाची होती. मुक्तानं पट्टी लावून पाहिली. केसभराचाही फरक नव्हता, आणि तिला मनापासून आनंद झाला.

"अहो, चला घरी," शालन म्हणाली.

दिगंबरनं तिच्या कपाळापासून खाली नजर फिरवली आणि तो गालापाशी थांबला. पुन्हा कपाळापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबला.

"ह्या बाई वाचता येत नाहीत," तो साहेबांना म्हणाला, आणि दाराकडे वळला. त्याची पावलं सारख्या अंतरावर पडत होती.

शालन त्याच्या खुर्चीत बसली. बांगड्या कोपराकडे सरकवून तिनं दोन्ही हात टेबलावर पसरले.

"मलाही ऐंशीत बसव, पोरी, लवकर. ते निघाले."

मुक्तानं आधीच तिचा अंगठा धरून अक्षरं मोजायला सुरुवात केली होती.