टोपड्यातला काळोख

टेबल भिंतीपासून ओढताना थोरल्या जावयानं जरा जास्तच आवाज केला. काम अवघड आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना कळायला हवं होतं. मग तो गुडघ्यांवर बसला, कॉम्प्युटरच्या मागे डोकं घातलं, आणि तिथं जे दिसलं त्यानं त्याच्या पोटात दुखायला लागलं. सगळ्या केबल नीट लावलेल्या होत्या. प्रत्येक वेगळी, वळणदार, बारीक तारेनं जागोजागी आवळलेली.

"हे कोणी बांधलं?" त्यानं आतूनच विचारलं.

"मीच, दादा. फार गुंता झाला होता," धाकटा जावई म्हणाला. "दवाखान्यात दातांना लावायची तार उरली होती, ती घेऊन आलो."

"अच्छा."

त्या 'अच्छा'त बरंच काही होतं. पण धाकट्याला ते ऐकू आलं नाही. त्याला कुणाचंच काही कुजकं ऐकू येत नसे, आणि थोरल्याचा त्याच्यावरचा मोठा राग तोच होता. टोमणा मारावा तर हा हसून दाद देणार. दातांचा डॉक्टर, त्यामुळे हसणंही दुकानाच्या पाटीसारखं, लांबूनच दिसणारं.

हा कॉम्प्युटर थोरल्यानं जोडलेला होता. पेटी त्याची निवड, पंखा त्याची निवड. आत आधी जे विकतचं होतं ते पुसून त्यानं लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घातली होती आणि सासऱ्यांना एकेक गोष्ट समोर बसून शिकवली होती. त्यानंतर या घरात काहीही अडलं, मग तो प्रिंटर असो नाहीतर सासूबाईंचा फोन, की एकच वाक्य निघे : 'थोरल्यांना विचारा.' पगारवाढीपेक्षा हे वाक्य त्याला जास्त प्रिय होतं. रविवारी तो यायचा, अर्धा दिवस मशीनपुढे बसायचा, आणि सासरे पलीकडे पेपर वाचत असायचे. दोघांत फारसं बोलणं होत नसे. पण आपल्याशिवाय इथलं पान हलत नाही याची खात्री असली, की गप्पांवाचून माणसाचं फारसं अडत नाही.

मग धाकटी मेहुणी लग्न करून हा डॉक्टर घेऊन आली.

सासरे शाळेत खेळाचे मास्तर होते. टेबल टेनिस हा त्यांचा प्राण. खुबा मोडला आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच. धाकट्यानं एका पेशंटकडून वापरलेला व्हीआर हेडसेट आणला. त्याला झेपेल असं दांडगं ग्राफिक्स कार्ड पेटीत बसवलं. लिनक्सवर त्या कार्डाचं आणि थोरल्याच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड हाकणाऱ्या प्रोग्रामचं, जमेना, तेव्हा थोरल्यानं घातलेला, हौशी लोकांनी मिळून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर काढून त्यानं कार्डाच्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर घातला. हे सगळं त्यानं कुठंतरी वाचून वाचून केलं होतं, आणि केलं ते केलं, वर ते चाललंही होतं. आता सासरे खुर्चीत बसल्या बसल्या डोळ्यांवर ते धूड चढवून, आत दिसणाऱ्या टेबलावर टेनिस खेळत हवेत हात मारायचे. पलीकडे दवाखान्यात, एका पेशंटला भूल चढेपर्यंत, धाकटा तसंच धूड चढवून खेळायचा. सासूबाई हेडसेटला टोपडं म्हणत. "टोपडं घातलं की हे शाळेत गेले," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि सासऱ्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येई : "अरे डॉक्टर, पुन्हा फसलास की रे!"

अरे. रे. थोरल्याला ते अजून 'अहो, तुम्ही' म्हणायचे.

गेल्या आठवड्यात सिस्टीम अपडेट झाली आणि टोपडं आंधळं झालं. धाकट्यानं दोन संध्याकाळी खटपट केली, मग स्वतःच म्हणाला, "दादांना बोलवू या." हे थोरल्याला बायकोनं सांगितलं तेव्हा तो पेपरात तोंड घालून म्हणाला, "रविवारी बघतो." रविवार उजाडेपर्यंत त्यानं घरी चार वेळा कारण नसताना शीळ घातली होती.

"तुम्ही असं करा, डॉक्टर," टेबलाखालून बाहेर येत तो आता म्हणाला, "हेडसेट घालून त्या स्टुलावर बसा. चित्र आलं की सांगा. मला मधे मधे विचारू नका."

"बसतो की!" धाकट्यानं टोपडं चढवलं. "दादा, यात मी मुंगीसारखा दिसतो असं ही म्हणते. खरंय का?"

"हलू नका."

हे त्याला फार छान जमलं होतं. चित्र आलं की कळायला कुणी हेडसेट घालून बसायची गरज नव्हती. स्क्रीनवरही कळलं असतं. पण डोळे झाकून स्टुलावर बसवलेला माणूस खांद्यावरून डोकावत नाही आणि 'दादा, हे काय केलंत?' म्हणत नाही. स्क्रीन त्यानं थोडी स्वतःकडे वळवली. सासरे पलीकडे खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघणाऱ्यासारखे बसले होते.

बिघाड त्याला पहिल्याच मिनिटाला कळला. अपडेटनं सिस्टीमचा गाभा नवा आला होता आणि कंपनीचा ड्रायव्हर जुन्याच गाभ्यासाठी बांधलेला राहिला होता. तो पुन्हा बांधून घ्यायचा, बस. एक ओळ लिहायची आणि मशीन बंद करून चालू करायचं. धाकट्याच्या हातून ती ओळ कशी सुटली, याचंच नवल.

थोरल्याची बोटं कीबोर्डवर आली आणि थांबली. हे इतक्या लवकर झालं तर काय राहिलं? सासरे पुन्हा टोपडं घालणार, पुन्हा 'अरे डॉक्टर' सुरू होणार, आणि आपण चहा पिऊन घरी. म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात वाढपी.

त्यानं कंपनीचा ड्रायव्हर समूळ काढून टाकला. त्याच्या जागी आपला पूर्वीचा, मुक्त ड्रायव्हर बसवला. मनाला त्यानं सांगितलं की हे तत्त्वाचं आहे. मनानं ते ऐकून घेतलं, पण मान डोलावली नाही. मशीन बंद झालं आणि पुन्हा चालू व्हायला लागलं.

"काही दिसतंय?"

"काळोख, दादा. मांजराच्या पोटात बसल्यासारखं वाटतंय."

"बसा."

आपल्या मंडळींच्या चॅटची खिडकी त्यानं उघडली. लिनक्सवाल्या हौशी लोकांचा गट. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, सगळी टोपणनावं. घुबड नावाचा त्याचा तिथला जुना दोस्त जागेवर होता. थोरल्यानं बिघाड लिहिला. घुबडाचं उत्तर आलं, 'कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा बांध. सोपं आहे. तुला माहीत नाही असं होणार नाही.'

'माहीत आहे,' थोरल्यानं लिहिलं. 'करणार नाही.'

'का?'

कीबोर्ड हळू वाजवत, जिभेचं टोक दातांत धरून त्यानं लिहिलं. 'आमचे धाकटे साडू दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी दात उपटावेत. माझ्या मशीनमधून माझा ड्रायव्हर उपटायचं काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हाताऱ्याला सांगणार आहे की हे लिनक्सवर चालतच नाही. विषय संपला.'

'मग म्हातारा खेळणार कशावर?'

'आधी कुठं खेळत होता?'

लिहून झालं तेव्हा त्याला बरं वाटलं. घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. धाकटा स्टुलावर डोकं एका बाजूला कलवून बसला होता आणि काही बोलत नव्हता. झोपला की काय, असं थोरल्याला वाटून गेलं.

"काही दिसतंय का, डॉक्टर?"

उत्तर यायला जरा वेळ लागला.

"नाही, दादा. काळोखच."

थोरल्यानं खुर्ची मागे सरकवली. चेहरा लांब केला. हा चेहरा त्यानं गाडीत बसवून आणला होता.

"बाबा, सगळं करून पाहिलं. हे आपल्या मशीनवर होणारं काम नाही. लिनक्सवर हा हेडसेट टिकतच नाही. आजवर चाललं ते नशीब म्हणायचं."

सासऱ्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला, तळवा, मग पुन्हा मागची बाजू, जणू त्याला काही निरोप द्यायचा होता.

"तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच होणार," ते म्हणाले. "राहू द्या. वयही झालं आता. उगीच आपलं लहान पोरासारखं..."

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "झालं का हो टोपड्याचं?" सासऱ्यांचं वाक्य ऐकून आपल्याला गोड वाटेल असा थोरल्याचा हिशोब होता. 'तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच.' जमेला तर पडलं. पण हाताला काही लागलं नाही.

धाकट्यानं टोपडं काढलं. नाकावर, कपाळावर लाल वळ उठले होते. तो हसत नव्हता, आणि हसत नसला की तो बराच थोरला दिसायचा.

"दादा, जायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः घालून बघता? माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. मला दिसलं नसेल, तुम्हाला दिसेल."

"त्यात काय बघायचंय? तुम्हीच म्हणालात ना काळोख."

"तरी पण."

सासरे बघत होते. नाही म्हणायला कारण सापडेना. थोरल्यानं हेडसेट घेतला आणि डोक्यावर चढवला. आतला स्पंज अजून उबदार होता.

काळोख नव्हता.

डाव्या डोळ्यासमोर अर्धी स्क्रीन होती, उजव्यासमोर अर्धी. दोन्ही एकमेकींवर चढल्या होत्या. म्हणून क्षणभर काही उमगेना. त्यानं डावा डोळा मिटला, आणि उजव्या अर्ध्यातली चॅटची खिडकी भिंतीएवढी होऊन समोर उभी राहिली. *त्यांनी दात उपटावेत.* एकेक अक्षर हाताच्या पंजाएवढं.

काय झालं ते त्याला कळायला वेळ लागला नाही. याच गोष्टी तो गटात नवशिक्यांना समजावून सांगत असे. कंपनीच्या ड्रायव्हरला हेडसेट ओळखता येत होता. आपल्या मुक्त ड्रायव्हरच्या ओळखीच्या यादीत हे जुनं मॉडेल नव्हतं. त्याला वाटलं, जोडलाय कुणीतरी दुसरा मॉनिटर. आणि इमानदारीनं तो या स्क्रीनवरचं सगळं त्या स्क्रीनवरही दाखवत बसला. ड्रायव्हर बदलण्याआधी हेडसेटची केबल काढा, हे तर पहिल्या धड्यातलं. ज्याला आंधळा करून स्टुलावर बसवला, त्यालाच सगळ्यात चांगली जागा दिली होती.

संभाषणाच्या तळाशी घुबडाची एक नवी ओळ आलेली होती. 'तुझ्या साडूला आमच्या गटात पाठव. आम्ही करून देऊ.'

"काही दिसतंय का, दादा?" बाहेरून धाकट्याचा आवाज आला. साधा आवाज. त्यात टोमणा असता तर थोरल्याला सोपं गेलं असतं. टोमण्यांचा त्याला सराव होता.

"काय हो, काय दिसतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

टोपड्याच्या आत थोरल्याचे कान तापले. एक शब्द, आणि हा सगळं सांगू शकतो. त्यानं तेव्हाच सांगितलं का नाही? आत्ता का सांगत नाही? थोरल्यानं स्वतःला त्या स्टुलावर बसवून पाहिलं. आपण असतो तर टोपडं काढायच्या आधीच बोललो असतो. मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, सासूबाईंना बाहेर बोलावून.

"काहीतरी दिसतंय," तो म्हणाला. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "थांबा बाबा. एक करून बघायचं राहिलंय. कीबोर्ड द्या जरा."

कीबोर्ड मांडीवर आला. तो चाचपडत होता, तेव्हा धाकट्यानं त्याची दोन्ही मनगटं धरली आणि बोटं नेमक्या कळांवर नेऊन ठेवली. हात थंड होते, काम करणारे. पेशंटला ते आवडत असणार, असं थोरल्याच्या मनात आलं, आणि तेही त्याला सहन झालं नाही.

त्यानं आधी चॅटची खिडकी बंद केली. मग एक डोळा मिटून, कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा आणला, नव्या गाभ्यासाठी बांधायला लावला. ओळी सरकत राहिल्या. मशीन बंद झालं आणि टोपड्यात खरोखरचा काळोख झाला. त्या काळोखात त्याला खोली ऐकू येत होती. सासऱ्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "होईल म्हणतोस?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. हा 'तोस' कुणासाठी, ते थोरल्याला बघायची गरज नव्हती.

"होईल, बाबा. दादा करतायत ना," धाकटा म्हणाला.

आणि उजेड झाला. मोठं सभागृह, लाकडी जमीन, वर दिव्यांच्या रांगा, मधोमध हिरवं टेबल. जाळी ताणलेली. पलीकडे कोणी नव्हतं. मान वळवेल तिकडे सभागृह वळत होतं, झटका नाही, थरथर नाही. इतकं सुंदर चालत होतं, की कार्ड कुणी निवडलं त्याची वाहवा करावी लागली असती.

"झालं का गं बाई एकदाचं?" सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या असाव्यात, कप किणकिणले.

"चालू झालं, आई," धाकटा म्हणाला. "मी तर हातच टेकले होते. दादांनी केलं."

"मी म्हटलं नव्हतं? थोरल्यांना विचारा म्हणून."

सासरे हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत, आवाजाला गंज होता. "आणा इकडे, अहो, आणा ते. डॉक्टर, पळ तू दवाखान्यात, आज तुझं काही खरं नाही!"

थोरला त्या रिकाम्या टेबलासमोर बसून होता. ही गोष्ट धाकटा कधीच कुणाला सांगणार नव्हता, बायकोलासुद्धा नाही. या माणसाशी त्यातही बरोबरी करता येणार नव्हती.

"काढताय ना, दादा?" जवळून, हळू आवाजात धाकट्यानं विचारलं. "बाबा वाट बघतायत."

"काढतो," थोरला म्हणाला. "जरा पट्टा अडकलाय."

पट्टा अडकलेला नव्हता. धाकट्यानं तो सोडवायला हात पुढे केला नाही.