डावा खिसा

धोबीतलावाजवळच्या बंदुकीच्या दुकानात मनमोहन त्रिलोकेकर लागोपाठ तिसऱ्या शनिवारी येऊन बसले, तेव्हा काउंटरमागच्या गुणाजीने काही न विचारता हिरव्या बनातीवर ती दोन पिस्तुलं मांडली. एक बेल्जियमचं, पंचवीस बोरचं, तळहातात मावेल एवढं. दुसरं जर्मन, बत्तीस बोरचं, चपटं पण अंगाने भारी. दोन्ही विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबांची. मनमोहनरावांनी आधी एक उचललं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. शालू घ्यायला आलेली बाईसुद्धा इतका घोळ घालत नाही.

खरं तर या माणसाने जन्मात बेचकीसुद्धा हातात धरली नव्हती. तीस वर्षं एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क, आता निवृत्त. गिरगावातल्या वाडीत वडिलोपार्जित दुमजली घर. शौक म्हणावा तर रविवारी मासळीबाजारातून निवडून आणलेला ताजा सरंगा. असा माणूस पिस्तुलाचा परवाना काढतो म्हटल्यावर वाडीत जो तो हसला. मनमोहनराव म्हणत, दिवस वाईट आलेत. आणि ते होतेच. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरगावापासून लालबागपर्यंत रस्ते पेटले, गोळ्या सुटल्या, माणसं मेली. पण त्यापायी वाडीत दुसऱ्या कुणाला पिस्तूल घ्यावंसं वाटलं नव्हतं. मनमोहनरावांचं खरं कारण लालबागेत राहत होतं आणि त्याचं नाव सुनंदा होतं.

सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी. प्रौढांच्या वर्गात ती इंग्रजी शिकवायला जायची, तिथे लवू नावाचा गिरणीतला फिटर शिकायला यायचा. मूळचा कोकणातला, राहायला लालबागच्या चाळीत. दोन वर्षांपूर्वी दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. त्या दिवशी मनमोहनरावांच्या डोक्यात राख गेली. ओळखीच्या फौजदाराकडे जाऊन त्यांनी मुलीला पळवून नेल्याची तक्रार स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिली. लवूला चाळीतून उचलून नेलं, दोन दिवस कोठडीत ठेवलं, मारलंही. सुनंदाने जाऊन आपण राजीखुशीने आलो असं लिहून दिलं, तेव्हा सोडलं. मग लवूच्या आईचा, शेवंतीबाईचा निरोप आला की आमचा जिना चढून या, उतराल ते चौघांच्या खांद्यावरून.

तेव्हापासून बापलेकीची भेट नव्हती. जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा पाच दिवस लालबागची काही खबर नव्हती. मनमोहनराव गॅलरीत उभे राहून उत्तरेकडचा धूर बघत आणि आत बायकोला सांगत की आज हवा बरी नाही. सहाव्या दिवशी ती सुखरूप असल्याचं कळलं. तेही सरळ कळलं नाही. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई दर मंगळवारी मुंबादेवीला म्हणून जात, पण जाताना डब्यात कोबीचं भानोलं असे आणि येताना डबा रिकामा असे. देवी भानोलं खात नाही हे मनमोहनरावांना ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, फक्त मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर घेऊन बसायचे. बाईही त्यांना काही सांगत नसत, भांड्यांशी बोलत.

"विचारत होती, अण्णा अजून तो काळा कोटच घालतात का," एकदा त्या पातेल्याला म्हणाल्या.

त्या रात्री मनमोहनराव अर्ध्या ताटावरून उठले. कोट तोच होता, काळा अल्पाकाचा. त्याला आतून डाव्या बाजूला, छातीशी एक खिसा होता. सुनंदा चार वर्षांची असल्यापासून कचेरीतून येताना त्या खिशात काहीतरी असायचंच, कधी पेपरमिटं, कधी चणे, कधी नुसतीच चार बोरं. ती त्यांनी काढून द्यायची नाहीत, तिनेच हात घालून घ्यायची, असा नियम होता. बी.ए. झाली तरी तिने तो मोडला नाही. दसऱ्याला सगळ्यांना आपट्याचं सोनं हातात मिळे, सुनंदाचं तेवढं त्या खिशात असे. आता संध्याकाळी दाराची कडी काढताना त्यांचा हात आपसूक खिशाकडे जाई आणि मग तसाच खाली येई. पोरीला एकदा डोळे भरून बघायचं होतं, बस, एवढंच. पण जिन्यावर चाळीतली माणसं उभी असतील याची धास्ती काही जात नव्हती. म्हणून अर्ज केला, त्यात 'जिवास धोका' असं लिहिलं आणि भाद्रपदात परवाना हातात पडला.

गुणाजीची माल दाखवायची पद्धत वेगळी होती. लष्करात बंदुका दुरुस्त करून म्हातारा झालेला हा माणूस नेम किती लागतो ते विचारायचाच नाही. जो कपडा घालून फिरणार तोच घालून या म्हणायचा, रिकामं पिस्तूल खिशात ठेवायला लावायचा आणि मग उठबस करायला सांगायचा. स्टुलावर बसा, वाका, कुणाच्या पाया पडता तसे वाका, माळ्याच्या शिडीच्या चार पायऱ्या चढा. स्वतः मात्र कोटाकडे न बघता हाताकडे बघत राहायचा. त्याचं म्हणणं, वस्तू कपड्यात लपते हो, पण माणसाचा हात सारखा तिला चाचपायला जातो आणि तोच चुगली करतो.

मनमोहनराव धोतर सावरत शिडी चढले आणि उतरले. छोटं पिस्तूल बाजूच्या खिशात लोंबत होतं, पायरीगणिक मांडीवर आपटत होतं. मोठं आतल्या डाव्या खिशात गपगार बसलं, फक्त कोट त्या अंगाला ओढला गेला. गुणाजीने सुचवलं की छोटंच घ्या, तुमच्या हाताला कंप आहे, हलकं बरं. मनमोहनरावांनी विचारलं की त्याने चारपाच माणसं थांबतील का. गुणाजीची नजर त्यांच्या हातावर होती.

"साहेब, एक विचारू? खिसा रिकामा असला तरी तुमचा हात तिथंच जातो. तिथं काय ठेवायचात?"

"काही नाही," मनमोहनराव म्हणाले आणि मोठं बांधायला सांगितलं. वाडीतल्या शिंप्याकडून खिशाला आतून जाड कॅनव्हास लावून घेतला, म्हणजे वजनाने फाटायला नको.

दसऱ्याला त्रिलोकेकरांकडे पूर्वापार एक गंजकी तलवार पुजली जाई. या वर्षी पाटावर तिच्याशेजारी पिस्तूल आलं. राजलक्ष्मीबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सोनं द्यायला कुठे कुठे जाणार, असं त्यांनी विचारलं. जरा लांब जाईन म्हणतो, असं उत्तर आलं. बाई आत गेल्या आणि आपट्याच्या पानांच्या दोन जुड्या घेऊन आल्या. एक मोठी होती आणि एक लहान, लाल दोऱ्याने बांधलेली.

"हे तिचं वेगळं," एवढंच त्या म्हणाल्या.

मनमोहनरावांनी दोन्ही जुड्या बाजूच्या खिशात कोंबल्या. डाव्या खिशात जागा नव्हती.

ट्रामने ते लालबागला उतरले. भिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं डांबराने लिहिलेलं अजून ठळक होतं. चाळीच्या तोंडाशी पाचसहा जण गप्पा मारत होते. मनमोहनरावांचा हात कोटाकडे गेला. त्यांच्यातला एकजण पुढे आला, वाकून पाया पडला आणि लवूकडे ना, दुसरा माळा, कोपऱ्यातली खोली, असं सांगून पुन्हा गप्पांत गेला. जिन्यावर मुलं सोनं वाटत धावत होती, त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातही पानं दिली. दोन वर्षं ज्या जिन्याच्या धास्तीने झोप उडाली होती तो मनमोहनराव दोन मिनिटांत चढून गेले.

दारात शेवंतीबाई होती. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"येवा व्याही. उशीर केलात," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

खोलीत एका पाटावर लवूची हत्यारं मांडलेली होती. पाना, पक्कड, हातोडी, कानस, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. लवू सोनं वाटायला गेला होता. सुनंदा नळावरून आली, हातात बादली. बाप दिसताच तिने बादली दारातच ठेवली. वाळली होती, जरा काळवंडलीही होती, पण हसली ती तशीच, आधी डोळ्यांनी. पाया पडून ती उभी राहिली. मनमोहनरावांना वाटलं, आता इथेच मरण आलं तरी हरकत नाही.

"माझं सोनं?" ती म्हणाली, आणि चार वर्षांची असताना घालायची तसाच तिने कोटाच्या डाव्या बाजूला हात घातला.

मनमोहनरावांनी तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की काचेची एक बांगडी कडकन तुटली.

ऐन दसऱ्याच्या दिवशी. "वाढवली गे, असू दे," म्हणत शेवंतीबाईने काचा गोळा केल्या. सुनंदाने हात मागे घेतला होता आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार मिटलं होतं. मनमोहनरावांनी घाईघाईने बाजूच्या खिशातून लाल दोऱ्याची जुडी काढून तिच्या हातात ठेवली. तिने ती परक्या माणसाकडून घ्यावी तशी घेतली आणि बसा म्हणाली. ते बसले नाहीत. तांब्यातलं पाणी प्यायले आणि जिना उतरून आले.

सोमवारी त्यांनी पिस्तूल दुकानात नेऊन ठेवलं, परवान्यावर तशी नोंद करून घेतली. गुणाजीला आश्चर्य वाटलं नाही. भारी पडलं ना, असं म्हणत त्याने खालच्या कप्प्यातून ते बेल्जियमचं काढलं.

"नको," मनमोहनराव म्हणाले, "तेसुद्धा माझ्या खिशाला मोठंच आहे."

मंगळवारी राजलक्ष्मीबाई भरलेला डबा घेऊन गेल्या आणि डबा रिकामा करून आल्या, पण भांड्यांशी बोलल्या नाहीत. मनमोहनराव दाराशी पेपर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. सुनंदाने आपल्याला माफ न करणं त्यांनी दोन वर्षं सोसलं होतं. पण आपणच तिला झिडकारलं असं तिला वाटावं हे काही सोसवेना. खरं सांगावं तर मुलीच्या घरी पिस्तूल घेऊन गेलेला बाप म्हणून तोंड दाखवायचं, आणि न सांगावं तर ती तुटलेली बांगडी जन्मभर तशीच राहायची. असे पाच दिवस गेले. रविवारी सरंगा आणायला म्हणून ते पिशवी घेऊन निघाले आणि लालबागच्या ट्राममध्ये बसले.

या वेळी लवू घरात होता. तो उठून उभा राहिला, बसायला खुर्ची दिली आणि भिंतीशी टेकला. सुनंदाने चहा आणून स्टुलावर ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिली.

मनमोहनराव आधी लवूशी बोलले. "मी तुझ्यावर लिहून दिलं ते खोटं होतं. लिहितानाही मला ते ठाऊक होतं."

लवूने मान खाली घातली. मग ते सुनंदाकडे वळले. "त्या दिवशी खिशात पिस्तूल होतं."

सुनंदाने विचारलं, "कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. मला भीती वाटत होती."

"आमची?"

त्यांनी होकाराची मान हलवली. चहाची वाफ निघून गेली तरी कपाला कुणी हात लावला नाही. चुलीपाशी बसलेली शेवंतीबाई स्वतःशीच म्हणाली, "माझीच जीभ गे ती. तिनंच घात केला."

"मला वाटलं, तुम्हाला माझा हातच नको झालाय," सुनंदा म्हणाली आणि रडायलाच लागली. "आठ दिवस दुसरं काही सुचलं नाही, अण्णा."

मनमोहनरावांचेही डोळे वाहू लागले. पुसायला रुमाल सापडेना. ते तसेच उभे राहिले आणि झडती देणाऱ्या माणसासारखे त्यांनी दोन्ही हात अंगापासून दूर धरले. दोन वर्षांपूर्वी चौकीत लवूलाही असंच उभं केलं होतं. तो पुढे झाला आणि त्याने सासऱ्याचा एक हात हळूच खाली केला.

"बघ," मनमोहनराव मुलीला म्हणाले.

ती जवळ आली. कोटाची कड बाजूला करून तिने डाव्या खिशात हात घातला आणि थबकली.

"किती जाड केलात हो हा खिसा."

"उसवून घेतो उद्याच."

"राहू दे," सुनंदा म्हणाली. "पेपरमिटं सांडायची नाहीत." हात मात्र तिने बराच वेळ बाहेर काढला नाही.