मण्याराला डायलॉग नाही

माधवी मॅडमनी पट्टीचं दुसरं बंडल सोडलं आणि आचलच्या काळ्या लेगिंगवर घोट्यापासून वर एकेक पांढरा वेढा द्यायला सुरुवात केली. पट्ट्या प्रथमोपचार पेटीतल्या. त्या पेटीचा शाळेला झालेला हा पहिलाच उपयोग.

"हलू नको गं. मण्यार असा वळवळत नाही."

"गुदगुल्या होऊन राह्यल्या, मॅडम."

"सापाले गुदगुल्या होत नाईत," पियुष म्हणाला. तो शेजारी सतरंजीवर आडवा पडून पोटदुखीची प्रॅक्टिस करत होता. त्याला वेदना नीट येत नव्हती. दर वेळी तो भूक लागल्यासारखाच दिसे.

नववीचं पथनाट्य होतं, सर्पदंशावर. मण्याराचं काम कोणालाच नको होतं, कारण त्याला डायलॉग नव्हता. यायचं, चावायचं, निघून जायचं. आचलने ते मागून घेतलं. निदान आपल्या तोंडून काही जाणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

मॅडमनी वर्गात आधी माहिती वाचून दाखवली होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. आग होत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखतं, ओकारी होते, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, अपचन झालं. अपचनावर वर्ग खदखदून हसला होता. आचलने पेन खाली ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात तिचा भाऊ निकेश पहाटे पोट धरून उठला, तेव्हा आईने त्याला ओवा चावायला दिला, पोट शेकलं आणि म्हणाली, झोप, उतरते. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर झोपला, तो उठलाच नाही.

आईने, देवकाबाईने, तेव्हाच निकाल लावून टाकला होता. आदल्या रात्री तिने झिंग्यांची भाजी केली होती. झिंगे सकाळचे होते, ते बाधले. तेव्हापासून नवऱ्यासोबत तळ्यावर जाळं ओढताना ती मासे टोपलीत टाकायची आणि झिंगे वेचून परत पाण्यात सोडायची. बाकीचे ढिवर हसायचे. तळ्यातल्या झिंग्यांना एव्हाना नातवंडं झाली असतील, म्हणायचे.

साप होता आणि सापाचं इंजेक्शन तालुक्याला, मूल गावच्या दवाखान्यात होतं, हे आचलला आईपर्यंत पोचू द्यायचं नव्हतं. मूलला तर ती दर बुधवारी मासे विकायला जायची. आणि नाटकाचा पहिला प्रयोग गावातच, समाजमंदिरासमोर होता.

"कायचं नाटक हाय?" आईने विचारलं.

"हात धुन्याचं. लय बोर हाय, माय. नको येऊ."

"येईन मंग. हात त मी बी धुतो."

ती आली आणि पुढेच बसली. आचल पोटावर सरपटत धुळीतून निघाली. वाटेत आईचे पाय आले, ते तिने वळसा घालून चुकवले. पियुषच्या पायाला चावली. आता साप निघून जायला हवा होता. साप गेला नाही. आईची भूमिका करणारी हर्षा ओव्याची पुडी घेऊन आली, तेव्हा सापाने इकडेतिकडे पाहिलं आणि तो सरळ दोन पायांवर उठून देवकाबाईच्या समोर उभा राहिला.

लोक हसले. "हा मण्यार शिकेल हाय," मागून कोणी म्हणालं.

मॅडम हातवारे करत होत्या. आचल हात पसरून तशीच उभी.

"आचल," आई म्हणाली, "सरक. दिसून नाई राह्यलं."

ती सरकली.

हर्षाने एकशे आठला फोन लावला, डॉक्टरने इंजेक्शन दिलं, पियुष टुणकन उठला आणि त्याने बिस्किट खाल्लं. टाळ्या वाजल्या. देवकाबाई पदर सावरत मॅडमपाशी गेली. मॅडम राजुऱ्याच्या, शाळेत याच वर्षी आलेल्या. त्यांना निकेश माहीत नव्हता.

"बाई, त्या पापन्या खरंच पडतेत का?"

"हो. मण्याराची तीच तर खूण आहे."

"अन् झिंग्यानं नाई पडत?"

"नाही हो, काकू," मॅडम हसून म्हणाल्या. "झिंग्याने कशाला पडतील?"

आईने मान हलवली. मग हर्षाकडे बोट दाखवलं. "ते पोट्टी ओवा देऊन उभीच राह्यते. माय अशी उभी नाई राहात. त्याचं डोस्कं मांडीवर घेऊन बसते."

"मग तुम्हीच करा ना, काकू," मॅडम म्हणाल्या. त्या गमतीत म्हणाल्या होत्या.

घरी जाताना आई बांधावरून पुढे आणि तिच्या मागे साप, पट्ट्या सुटलेला.

"तुले कवा मालूम झालं?"

"वर्गात."

"मले काऊन नाई सांगतलं?"

आचल लोंबणारी पट्टी हाताला गुंडाळत चालत राहिली.

"झिंग्याचं बरं होतं," आई म्हणाली. "त्याले इंजेक्शन नव्हतं."

पुढच्या गावातल्या प्रयोगात आईच्या भूमिकेत देवकाबाई होती. हर्षाला डॉक्टर केलं. स्टेथोस्कोप मिळाल्यामुळे तिची काही तक्रार नव्हती. आचल आली, चावली आणि या वेळी शहाण्यासारखी बाजूला जाऊन बसली.

पियुष पोट धरून उठला. देवकाबाईने ओवा दिला, पोटावर फडकं ठेवलं. मग खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पियुषने पापण्या मिटल्या. आता तिने म्हणायचं होतं, 'चला, याले दवाखान्यात नेऊ.' घरी तिने ते नीट म्हणून दाखवलं होतं.

ती त्याच्या केसांतून हात फिरवत बसली. डॉक्टर स्टेथोस्कोप घालून कोपऱ्यात ताटकळत होती. मॅडमनी हळूच वाक्य सांगितलं, एकदा, मग दुसऱ्यांदा.

पियुषने एक डोळा किलकिला केला. "काकू," तो ओठ न हलवता पुटपुटला, "म्हना न. मले उठाचं हाय."

"हव," देवकाबाई म्हणाली. "थांब थोडासा."

पियुषने तिच्याकडे पाहिलं, आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.